भोंगा वाजला, पुढे काय?

१६ जानेवारी २०२५ रोजी वांद्र्याच्या इमारतीत अभिनेता सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला. रिक्षा, लीलावती, ठाण्यातली अटक, सगळे तपशील एव्हाना तोंडपाठ आहेत. त्यातलं एकच दृश्य इथे कामाचं आहे. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी सहाव्या मजल्यावरच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात एक माणूस खाली उतरताना दिसतो, चेहरा अगदी स्वच्छ. पोलिसांना त्या चित्रफितीचा उपयोग झाला आणि तीन दिवसांत संशयित सापडला. सैफला मात्र तिचा काडीचा उपयोग झाला नाही. तो माणूस जिना उतरत होता तेव्हा चाकू चालवून झालेला होता.

त्या आठवड्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर व्हिडिओ डोअरबेल आणि वायरलेस अलार्म किटच्या लिंका धो धो आल्या. अजूनही येतात. या जाहिरातींमधला चोर ठरलेला असतो: काळा मुखवटा, हातात टॉर्च, भोंगा वाजला की भिंतीवरून उडी. चोर असा पळतो, यात खोटं काही नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतल्या अभ्यासकांनी २०१२ साली तुरुंगातल्या ४२२ घरफोड्यांना विचारलं, तेव्हा घराला अलार्म दिसला तर दुसरं घर शोधू, असं सुमारे ६० टक्क्यांनी सांगितलं. (या पाहणीला पैसा अलार्म उद्योगाच्याच एका प्रतिष्ठानाने पुरवला होता. कानाआड करू नये अशी गोष्ट.) चोराला ऐवज हवा असतो आणि तो शेजारच्या घरातही मिळतो.

पण ज्यांना धमकी आलेली आहे त्यांच्याकडे येणारा माणूस शेजारच्या घरी जात नाही. खंडणीचा फोन आलेला व्यापारी, जमिनीच्या दाव्यातला साक्षीदार, नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई, कुणाच्या तरी भावना दुखावलेला लेखक. हे लोकही लोहार चाळीसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारात जातात आणि चोरासाठी बनवलेलं तेच किट विकत घेऊन घरी लावतात. त्यांच्यासाठी ते किट किती कामाचं, एवढाच आजचा प्रश्न. उत्तरासाठी डेन्मार्कला जावं लागेल, कारण हे गणित एका रात्रीत पूर्ण सुटलं ते तिथे.

व्यंगचित्रकार कर्ट वेस्टरगार्ड. २००५ साली ‘यिलँड्स-पोस्टेन’ या डॅनिश दैनिकात छापलेल्या प्रेषित महंमदांच्या व्यंगचित्रांपैकी सर्वांत गाजलेलं त्यांचं. २००८ मध्ये त्यांच्या खुनाचा कट उघडकीला आला आणि डॅनिश गुप्तचरांनी आरहूसजवळच्या विबीमधलं त्यांचं घर बदलून टाकलं. मजबूत काचा, कॅमेरे, थेट पोलिसांकडे जाणारं बटण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे न्हाणीघर. बाहेरून साधं, पण दार पोलादाने मजबूत केलेलं. १ जानेवारी २०१० च्या रात्री दहाच्या सुमाराला एक तरुण कुऱ्हाड आणि सुरा घेऊन काच फोडून आत आला. वेस्टरगार्ड ७४ वर्षांचे होते, काठी टेकत चालणारे. घरात त्यांच्याबरोबर पाच वर्षांची नात होती. ते न्हाणीघरात शिरले, दार लावलं, बटण दाबलं. बाहेरून दारावर कुऱ्हाडीचे घाव पडत राहिले. दोन-तीन मिनिटांत पोलीस आले, कुऱ्हाड घेऊन अंगावर आलेल्या त्या माणसाच्या हातापायांत गोळ्या घातल्या आणि त्याला पकडलं. पुढे त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दहा झाली.

अलार्म विकणारा कुणीही हा किस्सा आनंदाने सांगेल. सांगताना तो दोन गोष्टी गाळेल. पहिली म्हणजे नात. ती बाहेर बैठकीच्या खोलीतच राहिली होती. आजोबा एकटे आत गेले. त्यांच्यावर टीका झाली. आपल्यामागे लागलेला माणूस घरच्यांना हात लावणार नाही, असं गुप्तचरांनी आधी समजावलं होतं आणि त्याच भरवशावर मी तसा वागलो, हे त्यांचं म्हणणं. मुलीच्या केसालाही धक्का लागला नाही, म्हणून हा निर्णय बरोबर ठरला. पण अशा घरात आणीबाणीची योजना नेमकी कुणासाठी केलेली असते, हे त्या रात्रीने जितकं उघडं केलं तितकं कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. दुसरी गाळलेली गोष्ट: ते बटण आणि ते पोलीस एकाच साखळीतले होते. बटण दाबलं की कुणाचं घर, कुणाचा जीव, कुणापासून धोका हे पलीकडच्या माणसाला आधीच माहीत होतं. विचारपूस नाही, पत्ता नाही, ‘मॅडम, जवळची खूण सांगा’ नाही.

आता गणित. अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत मेरी लिन गार्सिया यांनी अणुसामग्रीसारख्या वस्तूंची राखण कशी करावी याचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये त्यावर पाठ्यपुस्तक लिहिलं. सुरक्षा क्षेत्रातली माणसं अजून ते वाचतात. विषय अणुभांडारांचा, पण मला ते दादरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला जास्त लागू वाटतं. त्यांची मांडणी तीन पायांवर उभी आहे: आत येणारा कळणं, त्याला उशीर होणं आणि कुणीतरी मदतीला पोचणं. कळल्यापासून पुढे त्याला जेवढा वेळ लागणार असेल, तो मदत पोचायच्या वेळापेक्षा जास्त हवा. बस. विबीमध्ये दार दोन-तीन मिनिटं टिकलं आणि पोलीस तेवढ्या वेळात आले. दार एका मिनिटात पडलं असतं, तर तोच अलार्म, तेच बटण आणि तेच पोलीस असूनही आज आपण वेगळी बातमी वाचत असतो.

या मांडणीतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्याकडे हमखास उलट्या केल्या जातात. एक: कळायच्या आधी झालेला उशीर जमेला धरायचा नाही. तुमच्या दाराला सेफ्टी डोअर आहे, लॅच आहे, वर आणि खाली कड्या आहेत. चुंबकाचा सेन्सर मात्र आतल्या लाकडी दाराच्या चौकटीवर. म्हणजे जाळी कापून, लॅच तोडून, कड्या उखडून माणूस दार ढकलेल त्या क्षणी भोंगा वाजेल. एवढा सगळा लोखंडी उशीर खर्ची पडून गेल्यावर! मग हल्लेखोर आणि तुमच्यामध्ये उरतं काय, तर बेडरूमचं पोकळ फ्लशचं दार आणि बोटभर कडी. धमकी आलेल्या घरात पहिला सेन्सर सेफ्टी डोअरवर, म्हणजे अडथळ्याच्या बाहेर हवा, आणि सर्वांत मजबूत दार झोपायच्या खोलीचं हवं. सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांना आपण वेगवेगळ्या दिवशी बोलावतो. हे गणित दोघांनी मिळून सोडवायचं असतं.

दोन: जोवर कुणी खात्री करत नाही, तोवर सेन्सरची टिकटिक ‘कळलं’ या सदरात मोडत नाही. याचा सगळ्यांत महागडा धडा सॅन फ्रान्सिस्कोत मिळाला. नॅन्सी पेलोसी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती होत्या, म्हणजे देशातल्या सर्वांत जास्त धमक्या येणाऱ्या माणसांपैकी एक. घराभोवती कॅपिटॉल पोलिसांचे कॅमेरे होते आणि चित्रण थेट वॉशिंग्टनच्या नियंत्रण कक्षात जात होतं. २८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एक जण हातोड्याने मागचं काचेचं दार फोडून आत गेला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा त्या पडद्याकडे कुणी पाहत नव्हतं. पेलोसी घरी नव्हत्या आणि अशा कॅमेऱ्यांची संख्या हजाराच्या वर होती. घराबाहेर स्थानिक पोलिसांच्या गाड्यांचे दिवे लुकलुकायला लागले, तेव्हा एका अधिकाऱ्याचं लक्ष गेलं आणि त्याने चित्रण मागे नेऊन पाहिलं. पोलीस आले होते ते ८२ वर्षांच्या पॉल पेलोसींच्या फोनमुळे. हल्लेखोर समोर उभा असताना त्यांनी न्हाणीघरातून आडवळणाने केलेला फोन आणि पलीकडच्या ऑपरेटरला आलेली शंका, या दोन मानवी गोष्टींमुळे. पोलीस दारात उभे असतानाच पॉल यांच्या डोक्यात हातोडा बसला. ते वाचले. हल्लेखोराला संघराज्य न्यायालयात ३० वर्षं आणि नंतर राज्य न्यायालयात पॅरोलशिवाय जन्मठेप झाली.

ही गोष्ट वाचून आपल्या सोसायटीच्या केबिनमधला मॉनिटर डोळ्यांसमोर आणा. सोळा चौकोन, एक वॉचमन, आणि त्याच वॉचमनने गेट उघडायचं, पाण्याची मोटर लावायची, कुरियर घ्यायचं.

मदतीचा पायाही जाहिरातीत दाखवतात तितका भक्कम नाही, आणि याला अलार्मच जबाबदार आहेत. अमेरिकी न्याय खात्यासाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेनुसार पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडी अलार्मांपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे निघतात: मांजर, वारा, विसरलेला कोड, पाहुणे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० सालच्या डिसेंबरपासून नुसत्या अलार्मवर गाडी पाठवणंच थांबवलं. आधी कुणीतरी जाऊन खात्री करा, मग आम्हाला सांगा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सिएटलने तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये वर्षभरात तीन खोटे अलार्म झाले की त्या घराला मिळणारा पोलिसांचा तातडीचा प्रतिसाद बंद होतो. कमाल याची वाटते, की ज्यांच्या येण्याच्या भरवशावर हा धंदा उभा आहे, त्यांनीच तो भरवसा जाहीरपणे मागे घेतला आणि धंद्याच्या जाहिरातीत एका शब्दाचाही फरक पडला नाही.

नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या आंद्रोमाही त्सेलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या गुन्हे सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली, तेव्हा त्याहून मोठी पंचाईत झाली. नुसता अलार्म असलेल्या घरांत चोरीचा धोका काहीच सुरक्षा नसलेल्या घरांपेक्षा कमी निघाला नाही, उलट जास्त निघाला. २०१५ साली त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच हे प्रश्नचिन्हासह विचारून टाकलं. खिडक्यांना कुलूप, दाराला दुहेरी कुलूप, घरात टायमरवर लागणारा दिवा आणि बाहेर हालचालीवर लागणारा दिवा या चौकडीने मात्र काहीच नसलेल्या घराच्या मानाने ४९ पट संरक्षण दिलं. हा अभ्यास चोरीचा आहे, खुनाचा नाही, म्हणून तो ताणायला नको. तरी दार आधी आणि भोंगा नंतर, हा क्रम तिथेही टिकतो.

इतका वेळ आपण दार फोडून येणाऱ्याबद्दल बोलत होतो. आपल्याकडच्या लेखक-कार्यकर्त्यांच्या खुनांनी या गणिताची पहिली ओळच खोडली आहे. एम. एम. कलबुर्गी, धारवाड, ३० ऑगस्ट २०१५, रविवार सकाळ. माणूस दारात आला, दार उघडलं गेलं, गोळ्या झाडल्या गेल्या. आधी दिलेलं पोलीस संरक्षण त्यांच्याच विनंतीवरून काढलेलं होतं. गौरी लंकेश, बंगळूरु, ५ सप्टेंबर २०१७, संध्याकाळ. घराला कॅमेरे होते. हेल्मेटमधला मारेकरी त्यांत आला. पुढे तपास पथकाने त्याच्या चालण्याच्या ढबीची न्यायवैद्यक तपासणीसुद्धा करवली. म्हणजे खटल्याला पुरावा मिळाला. पण त्या स्वतःच्या फाटकापाशी, घराच्या बाहेरच्या बाजूला होत्या, आणि आत कितीही सेन्सर असते तरी ते गप्पच राहिले असते. गोविंद पानसरे आणि नरेंद्र दाभोलकर तर सकाळच्या फेरीला निघालेले होते. घराचा अलार्म माणसाची नव्हे, घराची राखण करतो, आणि ज्याला माणूस हवा आहे तो माणूस बाहेर यायची वाट पाहू शकतो.

दार उघडायला लावायची कला कुठवर जाते, ते १४ जून २०२५ रोजी मिनेसोटात दिसलं. पोलिसाचा वेश, सिलिकॉनचा मुखवटा, दिवे लावलेली गाडी. या रूपात एक जण मिनियापोलिसच्या उपनगरांत लोकप्रतिनिधींची दारं ठोठावत फिरला. सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांची पत्नी जबर जखमी होऊन वाचले. आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मारले गेले. दारावरच्या कॅमेऱ्याने दाखवला तो पोलीसच. मग काय करायचं? दार न उघडता ठाण्याला फोन करून ‘तुम्ही कुणाला पाठवलंय का’ असं विचारायचं. ही सवय फुकट आहे, तरी कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. त्यानंतर महिन्याभराने अमेरिकी प्रतिनिधीगृहाने सदस्यांना घराच्या सुरक्षेसाठी मिळणारी मर्यादा १० हजार डॉलरवरून २० हजार केली. बहुतेक पैसा कॅमेऱ्यांत जाईल, असा माझा संशय आहे. आकडा मात्र माझ्याकडे नाही.

आणि ज्यांना सर्वांत जास्त धोका आहे त्यांचं तर गणितच वेगळं. बायकांना धमकी देणारा माणूस बहुतेक वेळा घरचा असतो. त्याच्याकडे किल्ली असते, अलार्मचा कोड त्याच्याच वाढदिवसाचा असतो आणि कॅमेऱ्याचं अॅप त्याच्या फोनवर चालू असतं. मग तो कॅमेरा कुणाची राखण करतो? घर सोडून आलेल्या किंवा कोर्टाच्या आदेशाने नवऱ्याला घराबाहेर काढलेल्या बाईने नवं यंत्र घ्यायच्या आधी लॅच बदलावा, वायफायचा पासवर्ड बदलावा आणि अॅपमधले जुने फोन काढून टाकावेत. खर्च काही शेकड्यांचा, आणि माझ्या मते उपयोग भोंग्यापेक्षा जास्त. लंडनच्या बार्नेटमध्ये २००२ पासून सुरू झालेली योजना याच दिशेने गेली: बाईला आसरागृहात पाठवण्याऐवजी तिच्याच घरातली एक खोली जाडजूड दार, कुलपं आणि अलार्म लावून भक्कम करायची, म्हणजे पोलीस येईपर्यंत ती आत राहू शकेल. पुन्हा तेच विबीचं न्हाणीघर, फक्त गुप्तचर खात्याच्या जागी नगरपालिका. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात न्यायाधीश नवऱ्याला घरात यायला मनाई करू शकतात आणि जवळच्या ठाण्याला बाईला संरक्षण द्यायला सांगू शकतात. भक्कम दाराची तरतूद मात्र तिने स्वतःच्या पैशाने करायची.

साक्षीदारांच्या बाबतीत आपला कायदा एक पाऊल पुढे आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. आसाराम प्रकरणातले साक्षीदार महेंदर चावला यांच्यावर २०१५ मध्ये गोळीबार झाला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या याचिकेवर ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. संरक्षणाच्या उपायांच्या यादीत साक्षीदाराच्या घराला सुरक्षा दारं, सीसीटीव्ही, अलार्म आणि कुंपण बसवणं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि घराभोवती नियमित गस्तही. खर्च साक्षीदार संरक्षण निधीतून. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे करायचा. अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक आहे. योजना कागदावर उत्तम आहे, कारण तिने अलार्म आणि गस्त एकाच यादीत ठेवले. अडचण अशी की संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतं मिळतं, आणि आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात ते वाचकांना सांगायला नको.

आपल्या शहरांत घरचा अलार्म साधारणपणे पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला जोडलेला नसतो. तो मालकाच्या मोबाइलवर वाजतो आणि फार तर कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये. म्हणजे मदतीचा पाय आपला आपण बसवायचा. ज्यांना खरोखर धमकी आली आहे त्यांनी ती लेखी ठाण्यात नोंदवावी, पोच घ्यावी आणि बीटवरच्या हवालदाराला घर दाखवून ठेवावं. ११२ आपल्या फोनवर कसा लागतो ते आजच तपासावं. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला पॅनिक बटण सक्तीचं आहे, पण प्रत्येक फोनची रीत निराळी, आणि अंगावर कुणी चालून आलं की सेटिंग शोधायला वेळ मिळत नाही. अलार्म घेणारच असाल तर दोन गोष्टी विचारा. वीज आणि इंटरनेट तोडलं तरी तो चालतो का? आणि कुणी सुरा लावून कोड टाकायला भाग पाडलं, तर गुपचूप मदत मागणारा दुसरा कोड त्यात आहे का? विक्रेत्याला दुसरा प्रश्न कळला नाही, तर ते यंत्र चोरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

वेस्टरगार्ड २०२१ साली वयाच्या ८६व्या वर्षी आजारपणाने वारले. विबीच्या त्या रात्रीनंतर एकट्या अलार्मवर त्यांना कुणी सोडलं नाही. पोलिसांनी त्यांना चोवीस तास अंगरक्षक दिले. तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर ते आधी झोपायच्या खोलीच्या दारावर घाला, मग शेजाऱ्याशी बोला, आणि उरले तरच भोंगा घ्या.